बोअरच्या पाण्यातले रेनबो

बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गीझरची कॉइल दीड-दोन वर्षांत खडूसारखी पांढरी होऊन बसते. जामखेडात हे कुणाला सांगायला नको. घरात मासे पाळणाऱ्याला या यादीत आणखी एक तक्रार घालता येते, ती म्हणजे या पाण्यात निऑन टेट्रा टिकत नाही. मी तीन वेळा आणले. पहिल्या खेपेला बारा होते, महिन्याभरात चार उरले. मग बदामाची पानं उकळून त्याचा अर्क घाल, आरओचे जार विकत आणून पाणी पातळ कर, असले उद्योग वर्षभर केले. पाणी काही बदललं नाही. शेवटी मासे बदलले.

निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, जवळजवळ पावसाच्या पाण्याइतक्या मऊ पाण्यात वाढलेला. त्याला आमच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या पाण्यात सोडणं म्हणजे कोकणातला हापूस आणून माळरानावर लावण्यासारखं. याउलट बोसमानी रेनबो येतो न्यू गिनी बेटाच्या पश्चिम टोकाकडच्या आयामारू तळ्यांतून. तो सगळा चुनखडीचा मुलूख, त्यामुळे पाणी जड आणि अल्कधर्मी. निळ्या रंगाचा लॅकस्ट्रिस रेनबोही पापुआ न्यू गिनीतल्या कुटुबू तळ्याचा, म्हणजे तसल्याच प्रदेशातला. आपल्याला ज्या पाण्याचा वैताग, ते या माशांचं माहेर. म्हणून जामखेड, पाटोदा, आष्टी, कर्जत या पट्ट्यातल्या नव्या हौशी माणसाला मी एकच सांगतो: पाणी बदलायच्या भानगडीत पडू नका, आहे त्या पाण्याला मानवणारा मासा शोधा.

फक्त आधी पाणी तपासून घ्या. आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे टीडीएस मीटर असतोच, पण तो एकूण क्षार सांगतो; त्यात चुना किती आणि मीठ किती ते सांगत नाही. जडपणा मोजायचे थेंबांचे किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात, तेच वापरा. जिभेलाच मचूळ लागणारं पाणी असेल तर त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा. शेतातल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर नायट्रेटही पाहा. आपण टाकलेला युरिया पिकाने सगळा घेतलेला नसतो, त्यातला काही झिरपत खाली जातो. आणखी एक, घरात मिठाने चालणारा सॉफ्टनर बसवला असेल तर ते पाणी टाकीत घालू नका. तो चुना काढतो आणि त्याजागी सोडियम सोडतो. रेनबोला चुना हवा असतो, सोडियम नको.

आता खरेदी. दुकानात जाऊन ‘रेनबो आहे का’ विचारलं की बऱ्याचदा काळ्या अंगाचा, लाल परांचा रेनबो शार्क पुढे येतो. तो वेगळाच मासा आणि चांगलाच भांडखोर. खऱ्या रेनबोची खूण म्हणजे पाठीवर दोन पर, एक छोटा आणि त्यामागे लांब. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, डोळा मोठा. रंगावर मात्र जाऊ नका. दुकानात जी दीड-दोन इंची पिल्लं असतात ती राखाडी, चंदेरी, अगदी नदीतल्या साध्या माशासारखी दिसतात. बोसमानीचा पुढचा निळा आणि मागचा नारिंगी रंग भरायला वर्षभर लागतं. शेजारच्या टाकीत झगमगणारे ग्लो टेट्रा असतात आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं. रेनबो मागे राहतो तो या उशिरामुळेच.

बोसमानीला शास्त्रीय नाव मिळालं 1980 मध्ये, जेराल्ड ॲलन आणि नॉर्बर्ट क्रॉस यांनी ते दिलं. मरिनस बोसमान या डच मत्स्यशास्त्रज्ञाच्या नावावरून. मूळ तळ्यांत आज तो संकटग्रस्त गणला जातो. दुकानातले मासे बहुतेक पैदास केलेले असतात, त्यामुळे विकत घेताना अपराधी वाटायचं कारण नाही; पण आपल्या टाकीत त्याची दुसऱ्या जातीशी सरमिसळ होऊ देऊ नये, एवढं भान ठेवावं. हे मासे आपसांत सहज संकर करतात आणि पुढच्या पिढीत ना धड बोसमानी उरतो ना लॅकस्ट्रिस.

टाकी घेताना उंचीपेक्षा लांबी बघा. हा सतत पोहणारा मासा आहे, मोठा झाला की चार इंचांच्या पुढे जातो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे 255 लिटर पाणी बसतं. त्यात सहा ते आठ बोसमानी आरामात राहतात. एवढी टाकी वाळू-दगडांसह तीनशे किलोंच्या वर जाते, तेव्हा टीव्हीच्या शोकेसवर ठेवायचा विचार सोडा. जागा कमी असेल तर तीन फुटांच्या टाकीत प्रिकॉक्स पाळा, म्हणजे ज्याला निऑन ड्वार्फ रेनबो म्हणतात तो. दोन-सव्वादोन इंचांवर थांबतो, निळसर अंगावर लाल पर. एकटादुकटा रेनबो मात्र कधीच आणू नये. तो कोपऱ्यात भेदरून बसतो आणि कुणी जवळ आलं की काचेवर तोंड आपटून घेतो. नर-मादी निम्मे निम्मे, किंवा माद्या थोड्या जास्त ठेवाव्यात. समोर मादी आणि शेजारी दुसरा नर असेल तरच नराला रंग दाखवायची गरज वाटते.

तळाला धुतलेली नदीची वाळू चालते. काळी माती वापरू नका. मी वापरून पाहिली आहे, तीन आठवडे टाकीत चहा होता. दगड आपल्या माळावरचा काळा बसाल्ट घ्या, तो पाण्यात काही सोडत नाही. पांढरट दगडावर लिंबू पिळून पाहावं, फेस आला तर त्यात चुना आहे. रेनबोला त्याचा त्रास नाही, पण आपल्या पाण्यात चुना आधीच पुरेसा आहे, आणखी भर कशाला?

नवी टाकी भरली की लगेच मासे सोडायची घाई सगळ्यांना होते. इथेच निम्म्या टाक्या बसतात. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे ही गोष्ट जास्त जपायला हवी, कारण अमोनियाचा विखार पाण्याच्या पीएचवर ठरतो. सात पीएचला जेवढा अमोनिया मासा सहन करतो, तेवढाच आठ पीएचला जवळजवळ दहापट घातक होतो, आणि आपलं बोअर बहुतेक आठच्या आसपास असतं. वाट पाहायची नसेल तर विरजण लावा. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज आपल्या टाकीत चांगला पिळून घ्या, किंवा तो स्पंजच काही आठवडे आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. दह्याला जे लागू, ते इथेही: विरजण चांगलं तर दही चांगलं. तरीही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत सगळे मासे एकदम आणायचे नाहीत. पुढे फिल्टर धुताना तो नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळायचा.

चांगले मासे इथे मिळत नाहीत, अहिल्यानगरहून किंवा पुण्याहून आणावे लागतात. थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीने आलं की कंडक्टर हटकून विचारतो, ‘खायचे का?’ पिशवी घरी आली की ती बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यावी, म्हणजे तापमान जुळतं. एकदा फोडली की मात्र तास न् तास थेंब थेंब पाणी घालत बसू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे अमोनिया निपचित पडलेला असतो. तोंड उघडलं की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळू लागतो. चार-पाच तासांचा प्रवास झाला असेल तर पिशवी फोडून, टाकीतलं थोडं पाणी घालून पंधरा मिनिटांत मासे जाळीने सोडून द्यावेत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये. जमल्यास तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावेत. का ते पुढे येईल.

झाडांच्या बाबतीत लोक हरतात ते व्हिडिओ पाहून. हिरवळीसारखी पसरणारी, लालबुंद पानांची झाडं बहुतेक मऊ पाण्याची, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर पोसलेली. आपल्या पाण्यात त्यांच्यामागे लागू नये. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला घ्या. ही दोन्ही आपल्याच तळ्या-नद्यांत सर्रास उगवतात आणि पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, म्हणजे जड पाणी हेच त्यांचं खत. सोबत दगडाला किंवा लाकडाला बांधलेली ॲन्युबियस आणि जावा फर्न ठेवावी. मागे आणि दोन्ही बाजूंना दाट लावायचं, मधला आणि पुढचा भाग मोकळा. रेनबोला लपायला आडोसा आणि धावायला मैदान, दोन्ही हवं.

हायड्रिला तलावातून आणत असाल तर गोगलगायींची अंडी, चतुराच्या अळ्या, माशाच्या अंगाला चिकटणाऱ्या परजीवी किडी सोबत येतात. चतुराची अळी छोटा मासा सहज फाडते. झाडं बादलीत तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवून, स्वच्छ धुऊन, मग आठवडाभर मासे नसलेल्या टबात उन्हात ठेवावीत. कापूस, कांदा, सोयाबीनच्या फवारणीचं पाणी ज्या ओढ्यात उतरतं, तिथलं झाड तर घेऊच नये.

आणि मग एक दिवस व्हॅलिसनेरियाची नवी पानं पिवळी पडू लागतात. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. शेतकरी माणूस पाहताच सांगेल, केवडा पडलाय. अगदी बरोबर. चुनखडीच्या रानात भुईमुगाला, उसाला जे होतं तेच हे. लोह असतं, पण अल्कधर्मी पाण्यात ते विरघळलेलं राहत नाही, तळाला बसतं. हिराकस टाकून उपयोग नाही, तासाभरात त्याचा गंज होतो. मत्स्यालयाच्या झाडांसाठीचं लोह घ्या आणि बाटलीवर डीटीपीए लिहिलंय ना ते पाहा. ईडीटीएच्या रूपातलं लोह आपल्या पीएचला फार टिकत नाही. कृषी सेवा केंद्रातली फवारणीची मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यं मात्र टाकीत ओतू नका. त्यात तांबं असतं, झाडाला चिमूटभर लागतं, पण मासे आणि झिंगे त्याने मरतात. दिवा दिवसाला सात-आठ तास पुरे. त्याहून जास्त लावला तर शेवाळ पोसलं जातं.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावं. 255 लिटरच्या टाकीत म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या. टँकरच्या दिवसांत शेजारणीने मला विचारलं होतं, ‘माणसांना पाणी नाही आणि तुमच्या माशांना चार बादल्या?’ प्रश्न रास्त होता. उत्तर असं की टाकीतून निघालेल्या चारही बादल्या कढीपत्त्याला, मोगऱ्याला आणि दारच्या लिंबाला जातात. त्या झाडांना पाणी घालायचंच होतं, ते आधी टाकीतून फिरून येतं इतकंच. त्यातल्या नायट्रेटवर लिंब असा धरतो की वेगळं खत लागत नाही. अगदीच ओढाताण असेल तर मासे कमी, झाडं जास्त ठेवावीत, खाणं हात राखून द्यावं. मग एका बादलीवरही आठवडा निभावतो. बोअरचं ताजं पाणी थेट ओतू नका. खोलातून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, ते रात्रभर ड्रममध्ये हवेच्या दगडासह फिरू द्यावं. नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्याला ब्लीचिंगचा वास आहे का पाहा आणि अँटिक्लोरीनचे थेंब टाका.

उन्हाळ्यातली एक चूक मी केली आहे. एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी उडतं, चार-पाच दिवसांत बादलीभर. मी दर वेळी बोअरचं पाणी घालून पातळी राखत गेलो. पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार खालीच राहतात. जूनपर्यंत टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही कितीतरी जड झालं होतं. मग पहिला मोठा पाऊस झाला आणि गच्चीवरचं छान मऊ पाणी भरून घेऊन मी एका दमात निम्मी टाकी बदलली. दुसऱ्या दिवशी दोन माद्या तळाला होत्या. तेव्हापासून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या जारने घालतो आणि बदलायचं पाणी बोअरचंच घालतो. रेनबोला जड पाणी चालतं, थोडं मऊही चालतं, रातोरात बदलणारं चालत नाही.

मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर असतं तेव्हा टाकीतलं पाणी 32-33 अंशांवर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाला तो जास्त लागतो, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. यावर आपल्याकडचा स्वस्त उपाय म्हणजे माठाचं तत्त्व. टाकीवर तिरका छोटा पंखा लावला की पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि कोरड्या हवेत तीन-चार अंश सहज उतरतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात, हवा दमट झाली आणि पाऊस आलेला नाही, तेव्हा माठही गार होत नाही आणि टाकीही नाही. ते आठ-दहा दिवस सगळ्यात अवघड. बर्फाची लिटरची बाटली झाकण लावून तरंगत ठेवता येते, पण दोन अंशांहून जास्त एकदम उतरवू नये. दुपारचं खाणं बंद ठेवावं. पंख्यासाठी काचेचं झाकण काढलं तर रेनबो उडी मारून बाहेर पडतो, हा मासा त्यासाठी बदनामच आहे. लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ठोका, हवा जाते आणि मासा अडतो. हिवाळ्यात, पहाटे चांगलाच गारठा असतो तेव्हा, हीटर 24 वर लावून ठेवावा.

लाईट दिवसा गेली तर खिडकीच्या उजेडावर झाडं ऑक्सिजन देत राहतात. रात्री गेली तर तीच झाडं माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन ओढतात. म्हणून झाडं भरलेल्या टाकीला रात्रीचं भारनियमन जास्त धोक्याचं. दोन सेलवर चालणारा छोटा एअर पंप टाकीखालच्या कप्प्यात ठेवाच. बंद डब्याचा फिल्टर सहा-आठ तास थांबला असेल तर लाईट आल्याबरोबर चालू करू नका. आतले जिवाणू गुदमरून मेलेले असतात, ती घाण थेट टाकीत येते. आधी उघडून खळबळून घ्या. एअर पंपावरचा साधा स्पंज फिल्टर या बाबतीत जास्त भरवशाचा.

डास मारायचा स्प्रे आणि गल्लीतली धुराची फवारणी यांतली बरीच औषधं माणसाला सौम्य आणि माशाला जहाल असतात. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो हे विसरू नका; फवारणीच्या वेळी तो बंद करून टाकीवर ओली चादर टाका. शेतात औषध मारून आलेला हात साबणाने धुतला तरी त्या दिवशी टाकीत घालू नये.

रेनबोचं तोंड मोठं दिसतं, पण घसा अरुंद. एक मिलिमीटरचे दाणे किंवा चुरलेले फ्लेक्स द्या, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील इतकेच. स्पिरुलिनाचं खाद्य निम्मं असावं. उकडलेला पालक, सालं काढून कुस्करलेला मटार आठवड्यातून एकदा. त्यांचा खरा जीव डासांच्या अळ्यांवर. आमच्या आशाताई ड्रममध्ये अळ्या आहेत का ते बघायला येतात तेव्हा मागच्या अंगणातला माझा एक टब मला दाखवावा लागतो. त्या कपाळाला हात लावतात आणि मी त्यांच्यासमोर गाळणीने अळ्या काढून टाकीत टाकतो. मासे अक्षरशः पाणी उकळवतात. अळ्या काढल्या की टब पालथा घालायचा, हा आमच्यातला करार. गटारीतले जिवंत ट्युबिफेक्स किडे मात्र कितीही स्वस्त असले तरी नकोत.

आजारांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ओळखायला सोपा, अंगावर रवा शिंपडल्यासारखा. तापमान हळूहळू 30 पर्यंत चढवणं, हवा वाढवणं आणि दुकानातलं औषध पुरेपूर दिवस देणं, एवढ्यावर बहुतेक वेळा आटोक्यात येतो. तोंडाशी कापसासारखं दिसलं तर ती बुरशी समजू नका. उन्हाळ्यात तो बहुधा कॉलमनॅरिस नावाच्या जिवाणूचा रोग असतो आणि तापमान वाढवलं तर भडकतो. काचेवर आपटून नाक खरचटलेला मासा स्वच्छ पाण्यात आपोआप बरा होतो. तो आपटूच नये म्हणून अंधाऱ्या खोलीत टाकीचा दिवा एकदम लावायची सवय सोडा. आधी खोलीतला दिवा, दहा मिनिटांनी टाकीचा.

रेनबोला खरी भीती माशांच्या क्षयाची. खाऊन-पिऊन मासा वाळत जातो, पाठ वाकते, अंगावर न भरणाऱ्या जखमा होतात. यावर भरवशाचं औषध नाही. असा मासा वेगळा करावा आणि त्याची जाळी दुसऱ्या टाकीत वापरू नये. नवे मासे महिनाभर वेगळे ठेवायचे ते यासाठीच. या क्षयाचा जिवाणू हातावरच्या चिरेतून माणसाच्या कातडीतही शिरतो आणि महिनोन्महिने न बरी होणारी गाठ देतो. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका आणि पाणी काढायची नळी तोंडाने ओढू नका.

टाकी पूर्वेच्या खिडकीजवळ असेल तर सकाळी साडेसहाला चहा घेऊन तिच्यासमोर बसा. थेट उन्हाचा पट्टा पडतो त्या दहा-पंधरा मिनिटांत दोन नर समोरासमोर येतात, पर ताठ करतात आणि कपाळापासून पाठीपर्यंत एक फिकट पट्टा दिव्यासारखा पेटवतात, विझवतात, पुन्हा पेटवतात. रात्री दिव्याखाली हा पट्टा सहसा दिसत नाही. मादी त्यातल्या एकाबरोबर जावा फर्नच्या मुळांत शिरते आणि दोघं अंग थरथरवतात. अंडी थोडी थोडी, रोज. प्रत्येकाला बारीक चिकट दोरा असतो.

पिल्लं हवी असतील तर हिरव्या लोकरीचा झुबका बुचाला बांधून टाकीत तरंगत सोडा. आठवड्याने तो उचलून, त्याच टाकीचं पाणी भरलेल्या वेगळ्या टबात ठेवा. सात ते बारा दिवसांत पापणीच्या केसाएवढी पिल्लं पाण्याच्या वरच्या थराला लोंबकळताना दिसतात. त्यांना आठवडाभर खिडकीत ठेवलेल्या बरणीतलं हिरवं पाणी चमच्याने, दिवसातून चार-पाच वेळा. मग ब्राइन श्रिंपची पिल्लं. वाढ हळू असते. सहा महिन्यांनी तुमच्याकडे पन्नासेक राखाडी मासे जमतील आणि कोणताही दुकानदार ते घेणार नाही. भुतवड्याच्या तलावात किंवा कुणाच्या शेततळ्यात ते सोडू नका. तिथल्या माशांना या परक्यांची आणि त्यांच्या रोगांची गरज नाही. ओळखीत वाटा, आणि देताना हेही सांगा की रंग पुढच्या वर्षी येईल. माझ्याकडून घेतलेल्या एकाने चार महिन्यांनी फोन करून विचारलं होतं, हे नक्की रेनबोच आहेत ना?